दत्तोबाचे औषध

चिंचवड, रविवार, ४ सप्टेंबर १९५५

आज तळेगावला जाऊन दत्तोबाला घेऊन आलो. माझा हा धाकटा भाऊ मुंबईच्या कारखान्यात लेथवर होता. बायकोला परत न्यायला म्हणून सासुरवाडीला गेला आणि जाताना वाटेतच पिऊन गेला. सरकारने दारूबंदी केली तरी पिणाऱ्याला हातभट्टी सापडतेच. त्याचे सासरे उद्धवराव यांनी त्याला ओसरीवर बसवून ठेवले होते, घरात घेतले नव्हते. सुभद्रा दाराआडून दिसली. बाहेर आली नाही.

उद्धवराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "मारुतराव, तुमचा भाऊ लेथवर कसबी हाय, मला ठावं हाय. पण त्ये कसब पोरीनं काय चाटायचं? दसऱ्याच्या सुमाराला मी तिला घिऊन येतो. माणसात आल्याला दिसला तर ठेवतो. न्हाईतर काडीमोड घिऊ आन् तिचं दुसरं बघू."

मी म्हणालो, "तुम्ही याल तेव्हा माझ्या घरी आल्यापासून त्याच्या तोंडाला थेंब लागलेला नसेल. हा माझा शब्द."

माझा शब्द या पट्ट्यात चालतो. चाकणपासून मोशीपर्यंत ज्या विहिरीवर ऑइल इंजिन आहे तिथे कोणालाही विचारावे. शाळा मराठी चौथीपर्यंत झाली. पुढचे सगळे मी स्वतः शिकलो. इंजिनाची इंग्रजी पुस्तके शब्दकोश शेजारी ठेवून, आणि वैद्यक हिवाळ्याच्या संध्याकाळी.

दारू सोडवणारे लोक आजवर एकेकच बाजू धरतात. बुवा गळ्यात माळ घालतो, सरकार कोठडीत घालते, डॉक्टर सुई टोचतो. पुरा माणूस कोणी पाहत नाही. इंजिन बंद पडले तर नुसता नोझल साफ करून भागत नाही. हवा, इंधन, पाणी, तेल, सगळे तपासावे लागते. दत्तोबाची मी चार अंगे ठरवली आहेत: शरीर, मन, काम आणि संगत. चारही एकदम हाती घ्यायची. ही कल्पना माझी स्वतःची आहे, कुठल्या पुस्तकातली नाही.

मंगळवार, ६ सप्टेंबर

दत्तोबाचे हात थरथरतात, बशी धरता येत नाही. भिंतीवर मुंग्यांची रांग चालली आहे म्हणतो. मी चष्मा लावून पाहिले, एकही मुंगी नाही. थंड पाण्याची आंघोळ घातली. माझी पाठ वळताच आमच्या हिने त्याला चुलीपाशी ओढून नेले आणि भाताची पेज पाजली. थंड आंघोळीचा परिणाम त्यामुळे नीट कळला नाही.

मात्र द्राक्षासवाने कमाल केली. जेवणानंतर दोन मोठे चमचे, तितकेच कोमट पाणी. पोटात गेले आणि बघता बघता हात थांबले. मुंग्याही गेल्या.

रोग्याने आपले औषध समजून घ्यावे असे माझे मत आहे, म्हणून त्याला कृती सांगितली. द्राक्षांचा काढा, त्यात गूळ आणि धायटीची फुले. मडक्याचे तोंड मातीकापडाने बंद करून उबेच्या जागी पुरून ठेवायचे. आतले फसफसणे थांबले की गाळून घ्यायचे.

"व्हय," तो म्हणाला, "आमच्या भट्टीवाल्याचीबी निम्मी रीत हीच हाय."

ऋषिमुनींच्या औषधाची भट्टीशी तुलना करू नये, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "न्हाई करत, दादा."

रविवार, ११ सप्टेंबर

प्रगती समाधानकारक. भूक वाढली, जेवणाच्या आधीच औषधाची आठवण करतो. इतके चांगले मानवते आहे म्हटल्यावर मात्रा दुप्पट केली आणि सकाळीही सुरू केली.

मन: रोज एक पान लेखन. आजचा विषय 'निग्रहाने मनुष्य काय साधतो'. त्याने चार ओळी लिहिल्या आणि खाली दातेरी चक्र काढले. चक्राचे दात अचूक विभागले आहेत, कर्कटकाने पडताळले. निबंध अपुरा.

संगत: फाटकाबाहेर जायचे नाही असा नियम केला. जुन्या संगतीतले इथे कोणी नाही आणि नव्या संगतीची जरूर नाही. त्यामुळे हे अंग सर्वांत सोपे निघाले.

शुक्रवार, १६ सप्टेंबर

दत्तोबाला माझ्या वर्कशॉपमधल्या लेथवर उभे केले. मोशीच्या इंजिनासाठी पितळेचा बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी नळी, करायला दिला. मायक्रोमीटर लावला तेव्हा मापात केसाचाही फरक नव्हता. मी तसे बोलून दाखवले नाही. स्तुतीने मन सैलावते.

शेजारचा कादर तारेच्या कुंपणावरून बघत होता. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे तापवून वाकवण्याचे त्याचे काम. हात चांगला आहे, पण मापे अंदाजाने घेतो.

"क्या मिस्त्री," तो म्हणाला, "भावाला कैदेत घातलंय का? संध्याकाळी जरा इकडं सोडत जा. माझा भाता फिरवायला माणूस नाही."

मी म्हणालो, "त्याची व्यवस्था ठरलेली आहे."

"व्यवस्था तर म्हशीची पण असते," कादर म्हणाला. दत्तोबा हसला. तो आल्यापासून पहिल्यांदा हसलेला ऐकला. बुश बसवून झाल्यावर हसला असता तर योग्य झाले असते.

औषध अंदाजाआधीच संपले. बुचातून उडत असावे. पुण्याला जाऊन या खेपेला मोठी बरणीच मागितली. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि आवाज उतरवून विचारले, "घरातच लागते ना?" मी अभिमानाने हो म्हणालो. तो म्हणाला, दोन-चार वर्षांत आसवांचा खप फार वाढला आहे, ट्रकवालेसुद्धा घेऊन जातात. पिंपरीला पेनिसिलिनचा एवढा मोठा कारखाना उभा राहिला तरी साध्या लोकांचा आयुर्वेदावरचा विश्वास वाढतोच आहे, हे ऐकून बरे वाटले.

बुधवार, २१ सप्टेंबर

दुपारी परसात गेलो तर दत्तोबा हिच्याजवळ बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होता, आणि रडत होता. ही नुसती शेंगा पुढे सारत होती. मला पाहून त्याने तोंड पुसले.

रडण्याने निग्रह गळतो. उद्यापासून प्राणायाम वाढवला.

संध्याकाळी ही मला म्हणाली, "तुमी त्येला कंदी इचारलं का?"

"काय विचारायचे?"

"कायबी."

बायकांच्या बोलण्यात नेमकेपणा नसतो.

रविवार, २ ऑक्टोबर

चाकणला एका इंजिनाचा पिस्टन धरला म्हणून गेलो होतो. परत येऊन पाहतो तर दत्तोबा फाटकाबाहेर, कादरच्या आगटीशी बसून भाता फिरवतो आहे. काळा झाला होता. नियम मोडल्याबद्दल बोललो. कादर म्हणाला, "मी बोलावलं मिस्त्री, मला रागवा." मी दोघांनाही रागावलो.

पण खरी गोष्ट जेवणानंतरची. मी चमचा भरला आणि दत्तोबाने हात आडवा केला.

"दादा, मला ते नको."

"का?"

"नको वाटतंय."

रोगी सुधारत आला की औषधाचा कंटाळा करतो, हे पुस्तकात स्पष्ट दिले आहे. मी सांगितले की उद्धवराव येईपर्यंत एकही मात्रा चुकणार नाही. तो म्हणाला, "उद्धवराव येत्यात म्हणूनच नको." याला काही अर्थ नव्हता. मी उभा राहून, लहान पोराला पाजावे तसे स्वतःच्या हाताने पाजले. गिळताना त्याचे डोळे माझ्यावर होते. ही मधेच पान वाढायचे सोडून आत गेली.

चार अंगांपैकी शरीर आज ढिले पडले, असे नोंदवतो.

बुधवार, ५ ऑक्टोबर

दत्तोबा काल दुपारपासून बेपत्ता होता. आज सकाळी कादरने त्याला आणले. देहूरोडच्या पलीकडे ओढ्याकाठी भट्टी लागते, तिथे सापडला. कादरने खांद्यावर टाकून आणला. माझ्याकडे नाही, सरळ आपल्या घरी नेला. कादरची बायको गुलशन हिने दत्तोबाचे डोके धुतले.

मी लिहितो आहे, पण अक्षरावर ताबा नाही. उद्धवरावांना दिलेला शब्द गेला. एवढ्या काळजीने चालवलेल्या प्रयोगात कुठला जोड सुटला? शरीर ठीक, मन ठीक, काम उत्तम. राहिली संगत. कादर.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

सकाळीच कादरकडे जाऊन सांगितले की माझा भाऊ तुझ्यापायी बिघडला.

तो पाटा ठोकत होता. हातोडा खाली ठेवून म्हणाला, "मिस्त्री, माझ्या घरात सात पिढ्या कोणी प्यायलेलं नाही. बाटली तुमच्या कपाटात आहे."

मी म्हणालो, ते औषध आहे.

"ट्रकवाले पण हेच म्हणतात. भट्टीवर पोलीस धाड घालतो, वैद्याच्या दुकानावर घालत नाही. तुम्ही दत्तोबाला जेवढं देता तेवढं एकदा स्वतः घ्या. दिवसभराचं, एकदम, उपाशी पोटी. मग बोलू."

"रोग नसताना औषध घेऊ नये."

"समजा, रोग आहे."

त्याचे तोंड बंद करायला म्हणून हो म्हटले.

तोच दिवस, उशिरा दुपार

प्रयोग केला. पेलाभर झालं. चव गोड, मागून तुरट. पहिल्यांदा काही नाही. मग कान गरम. लेखणी बरी चालते आहे पण ओळ वर वर जाते. कादर समोर बसला आहे आणि हसतो आहे. मीही हसतो आहे, कशाला ते नोंदवायचं राहिलं.

हिला म्हटलं, तुझी भाकरी फार चांगली असते. ही दारात थबकली. म्हणाली, "लगीन हून येवढी वर्सं झाली, आज सांगताय व्हय." मी आधी सांगितलेलं नाही? सांगितलं असेल. नसेल.

अंगातलं काहीतरी सैल झालंय. मळसूत्र आवळून आवळून बसवलेलं असतं ना, तसलं. बरं वाटतंय. फार बरं वाटतंय.

असंच त्यालाही

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

डोके जड. कालच्या मजकुरात खाडाखोड करत नाही. नोंद ती नोंद.

दत्तोबा घरी आला आहे. परसात बसला होता, शेजारी जाऊन बसलो. विचारले, "तुला माहीत होते?"

"पयल्या चमच्याला."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने नख कुरतडले. "तुमी लई मन लावून मापत हुता, दादा. आन् खोटं कशापायी बोलू, मला हवंच हुतं. ते न्हाई म्हणलो असतो तर पयल्या आठवड्यातच मेलो असतो."

"आणि त्या रविवारी नको म्हणालास ते?"

"सुभद्रेपुढं हुभं ऱ्हायचं हुतं. कोरडं. कादरभाईच्या भात्यावर बसलो तवा पयल्यांदा वाटलं की जमंल. घरी आलो तर तुमी चमचा घिऊन हुभं." "तुमच्या हातनं प्यालो, मग म्हणलं आता भट्टी काय आन् चमचा काय."

ही पाणी घेऊन आली आणि गेली. मग जे तोंडात आले ते विचारले: "तुला होते तरी काय रे?"

त्याने जे सांगितले ते शब्दशः उतरवतो.

"मंबईत भोंगा झाला की समदी आपापल्या वाटंनं जायची. मी मशिनीपाशीच. मशीन बंद झालं की हितं छातीत कायतरी सुरू व्हायचं. भ्या वाटायचं. कशाचं ते ठावं न्हाई. पयल्यांदा प्यालो तवा ते गेलं. मग ते जावं म्हणून पीत गेलो. फुडं प्यायला गावंल का न्हाई, ह्येचंच भ्या."

"आणि आता त्या वेळेला काय होते?"

"तसंच. पर भाता फिरवताना हाताला काम असतंय आन् कादरभाई बडबडत असत्यात. आगटी इझली की मी घरी येतो, तवर ती येळ टळती."

मी विचारले, हे मला आधी का सांगितले नाहीस. म्हणाला, "तुमी इचारलं न्हाई."

उपचाराची वही चाळली. नाडी, जीभ, भूक, झोप, शौच, सगळे विचारल्याची नोंद आहे.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

औषध एकदम तोडू नये, हळूहळू उतरवावे, असे कादरच्या ओळखीच्या खडकीच्या डॉक्टरने सांगितले. या बाबतीत पुस्तके पाहिली नाहीत. मात्रा उतरवत नेली, आज सकाळपासून पूर्ण बंद. त्याला घाम सुटतो, चिडतो. ताट ढकलून दिले. हिने ते उचलून परत पुढे ठेवले. तो रडला, मग जेवला. प्राणायाम सांगितला नाही.

निबंधही बंद केले. विषय सुचत नाहीत.

संध्याकाळी तो कादरकडे जातो. मी फाटकापर्यंत जातो आणि काही काम आठवून परत येतो.

मंगळवार, २५ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज वर्कशॉप बंद. लेथच्या पाट्यावर पाने, हातोडे, कानशी, मायक्रोमीटर सगळे धुऊन मांडले, हळदकुंकू वाहिले, झेंडूच्या माळा घातल्या. पूजा दत्तोबाने केली. हात किंचित थरथरत होता, पण कुंकू सांडले नाही.

नैवेद्य होतो तोच उद्धवराव आले. बरोबर सुभद्रा. हिने तिला आत नेऊ पाहिले, पण ती वर्कशॉपच्या दारातच थांबली.

मी एक वाक्य तयार ठेवले होते: 'भाऊ सुधारला आहे.' ते खोटे नव्हते. पण उद्धवरावांनी बसल्या बसल्या सरळच विचारले, "मारुतराव, तुमी शब्द दिला हुता. हितं आल्यापास्नं थेंब न्हाई?"

मी तोंड उघडायच्या आत दत्तोबा म्हणाला, "थेंब हाय, मामा. भट्टीवर गेलो हुतो. एकदा."

उद्धवराव उठले. "चल गं," सुभद्रेला म्हणाले.

ती हलली नाही, पण वडील पुढे चालू लागले म्हणजे तीही चालू लागणार, हे मला दिसले. दत्तोबा खाली बघत उभा होता. त्याच्या गालावर पूजेचे कुंकू लागले होते.

"बसा, उद्धवराव," मी म्हणालो. "तो एकदा गेला. त्याच्या आधी महिनाभर मी त्याला रोज पाजत होतो. घरात, जेवणानंतर, मापून."

कपाटातून बरणी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी झाकण काढून वास घेतला. "ह्ये तर आमच्याकडं बाळंतिणीला देत्यात."

"तेच."

"यात दारू असती?"

"असते. मी पिऊन पाहिली आहे. तो नको म्हणाला होता, मी त्याचे तोंड धरून पाजली. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो भट्टीवर गेला. माझा शब्द मोडला तो त्याने नाही, मी मोडला."

एवढी माणसे समोर असताना हे बोललो. कुंपणापलीकडे कादर होता, तो आत गेला. न ऐकल्यासारखे करायला गेला असावा.

उद्धवराव पुन्हा बसले. बरणीचे झाकण परत लावले. "मारुतराव, तुमी तर शिकल्यालं माणूस."

"स्वतःचे स्वतः शिकलेलो," मी म्हणालो.

मग सुभद्रा पहिल्यांदा बोलली. माझ्याशी नाही, दत्तोबाशी. "आता सांजच्याला काय करता?"

"कादरभाईचा भाता फिरवतो."

"रोज?"

"रोज. ऐतवारीबी."

"आन् त्येनं भागतं?"

"न्हाई भागत," दत्तोबा म्हणाला. "पर रात हुती."

तिने पदर सारखा केला. वडिलांना म्हणाली, "आबा, तुमी जावा. मी थोरल्या जाऊबाईंजवळ ऱ्हाते. ह्यांच्याजवळ ऱ्हायचं का न्हाई ते मागनं बघीन."

"पुन्यांदा प्याला तर?"

"तर तळेगावची गाडी मलाबी ठावी हाय."

उद्धवराव जेवून गेले. पुरणपोळ्या तीन खाल्ल्या. बरणी मी मोरीत रिकामी केली.

रविवार, ३० ऑक्टोबर

सुभद्रा हिच्याजवळ माजघरात निजते. दत्तोबाशी फार बोलत नाही. आज सकाळी त्याच्या सदऱ्याचे बटण लावून दिले, आणि ते सैल लागले म्हणून उसवून पुन्हा लावले.

संध्याकाळी फाटकापर्यंत गेलो आणि काही काम आठवले नाही, म्हणून कादरकडे गेलो. त्याने एक खोके उलटे करून दिले. दत्तोबा भाता फिरवत होता. कादर एका ड्रायव्हरची गंमत सांगत होता, जो गिअर बदलताना बिस्मिल्ला म्हणतो आणि ब्रेक लावताना गणपती बाप्पा मोरया. "दोघांपैकी कुणीतरी ऐकत असेल, मिस्त्री, अजून गाडी उलटलेली नाही." मी हसलो. माझे हसणे मलाच नवे वाटले.

कादर पाट्यासाठी मागे गेला तेव्हा दत्तोबा भात्यावरची नजर न काढता म्हणाला, "दादा, तुमचं कसं चाललंय?"

मी सांगितले की चाकणच्या त्या इंजिनाला पिस्टन रिंगा नवीन घातल्या आहेत, तेलही बदलले.

"इंजिनाचं न्हाई. तुमचं."

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारल्याचे आठवत नाही. मी उत्तराची जुळवाजुळव केली. मग तेलाबद्दलच बोललो. थंडीत कुठले घालावे, उन्हाळ्यात कुठले, घट्ट तेलाने सुरुवातीला इंजिन कसे जड जाते. बराच वेळ बोललो असेन, कारण आगटी विझत आली तरी मी बोलतच होतो.

दत्तोबा भाता थांबवून नीट ऐकत बसला. घरी जायची घाई त्याने केली नाही.